चष्म्याच्या दुकानातली नाकं

ताईने नाकाची शस्त्रक्रिया करायचं ठरवलं तेव्हा घरात रडारड झाली नाही. आईने विचारलं, "किती?" बाबांनी विचारलं, "कोणाकडे?" आणि दोघंही पुन्हा जेवायला लागले.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती गाडी चालवायला शिकवते. शिकवणारी शिकणाऱ्याच्या शेजारी बसते, त्यामुळे दिवसाचे सात तास अनोळखी माणसं तिचा चेहरा एकाच बाजूने बघत असतात. नाक बाबांचं आहे. मध्यावर ठळक उंचवटा आणि शेंडा जरा खाली कललेला. आईचं एक ठरलेलं वाक्य आहे, "बापाचं नाक उचललंस, त्यापेक्षा त्याचा शांतपणा उचलला असतास तर लोक लवकर शिकले असते."

महिन्याभरापूर्वी एका शिकाऊ गृहस्थाने वळणावर गाडी थांबवून अगदी नम्रपणे सांगितलं होतं, "मॅडम, जरा मागे सरता का? पलीकडचा आरसा तुमच्या नाकामागे झाकला जातोय." ताईने ही गोष्ट घरी नक्कल करून सांगितली. आम्ही पोट धरून हसलो, तीही हसली. मग ती हात धुवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नळ चालूच होता.

तिने चार वर्षं पैसे साठवले होते. आमच्या घरात मोठे खर्च पगारात मोजतात, कारण आकडा ऐकून काही कळत नाही, पगार ऐकला की किती महिने राबायचं ते कळतं. ताईकडे तिचे आठ पगार होते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयात काम दोन पगारांत झालं असतं, पण तिथे दोन वर्षांची रांग होती आणि अपघातात नाक मोडलेल्यांना आधी घेत. उरले दोघे. एक काचेच्या इमारतीतलं क्लिनिक, पाच पगार, तेही महिनाअखेरपर्यंत नोंदणी केली तर. त्यांना आई 'ऑफरवाले' म्हणायची. दुसरे एक म्हातारे डॉक्टर, अकरा पगार. ते एवढं कमी बोलत की त्यांचं नाव 'अबोल' पडलं होतं. ते आमच्या घरात नाही, बाबांच्या दुकानात पडलं होतं.

"अकरा पगारात नुसतं नाक?" आई म्हणाली. "तेवढ्यात अख्खा माणूस येतो."

ताई ऑफरवाल्यांकडे जाऊन आली होती. त्यांनी तिचा फोटो संगणकावर घेतला आणि चार मिनिटांत नवं नाक काढून दाखवलं. उंचवटा गायब, शेंडा वर. तो फोटो तिच्या फोनमध्ये होता. ती तो बघायची आणि मग फोन पालथा ठेवायची. तिथल्या डॉक्टरांसाठी मी आधीच तिच्याजवळ एक प्रश्न लिहून दिला होता, "तुमच्या किती रुग्णांना दुसऱ्यांदा करावं लागलं?" उत्तर आलं, "शून्य." आणि पाच पगारांत दुसरी शस्त्रक्रिया धरलेली नव्हती. शून्यच असेल तर धरायची कशाला, असं त्यांचं म्हणणं.

इथे माझा संबंध आला. मी नुकतीच पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाले होते, नोकरीची उत्तरं यायची होती, आणि समोर एक खरा प्रश्न होता. एकच नाक, एकच संधी. दुसऱ्यांदा उघडलेलं नाक पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, आतली ऊती जखमेने आवळलेली असते, हे मी वाचलं होतं. म्हणजे निवड चुकली तर ती पैशाने भरून निघणारी चूक नव्हती. मला आकडे हवे होते. आणि आकडे आमच्याच घरात, बाबांच्या दुकानात, सात लाकडी खणांत पडून होते.

बाबा चष्मे बनवतात. चष्मा डोळ्यांसाठी असला तरी बसतो नाकावर, आणि सत्तावीस वर्षं बाबा लोकांची नाकं वीतभर अंतरावरून बघत आले आहेत. प्रत्येक गिऱ्हाईकाचं एक कार्ड. त्यावर नंबर, दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाच्या दांड्याची रुंदी, आणि फ्रेमच्या, नाकावर टेकणाऱ्या दोन छोट्या गाद्या डावीकडे-उजवीकडे किती अंशांत वाकवल्या ते. नाक सरळ असेल तर दोन्ही कोन जवळजवळ सारखे येतात. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्यांना सहा आठवडे नाकावर चष्मा टेकवता येत नाही, म्हणून ते बाबांकडे येतात. बाबा त्यांचा चष्मा कपाळाला पट्टीने अडकवून देतात आणि कार्डावर डॉक्टर लिहून ठेवतात. वर्षा-दोन वर्षांनी नवी फ्रेम घ्यायला तेच लोक पुन्हा आले की नवे कोन.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसले होते आणि मला खरोखर शहारा आला. कुठल्याही नियतकालिकात नसलेला अभ्यास आमच्या बाबांनी, आपण अभ्यास करतोय हे माहीतच नसताना, पेन्सिलीने लिहून ठेवला होता. कोन पाच अंशांपेक्षा जास्त वेगळे, म्हणजे नाक वाकडं बसलं. इतकं सोपं.

बाबा एवढंच म्हणाले, "नावं उतरवू नकोस. फक्त कोन."

नावं झाकायला मी पुठ्ठ्याची एक पट्टी केली. तीन दिवस खण उपसले. या दोघांच्या रुग्णांची, शस्त्रक्रियेनंतर किमान वर्षभराने पुन्हा मापं घेतलेली एक्केचाळीस कार्डं निघाली. ऑफरवाल्यांची पंधरा, त्यात वाकडी दोन. अबोल डॉक्टरांची सव्वीस, त्यात वाकडी अकरा.

मी ते तीनदा मोजलं. मग जेवताना जाहीर केलं.

"सव्वीसात अकरा?" ताई म्हणाली. तिचा चेहरा उजळला. सहा पगार वाचणार म्हणून नाही, निदान तेवढ्यासाठीच नाही. त्या फोनमधल्या फोटोला आता विज्ञानाचा पाठिंबा मिळाला होता. "बघ आई! महाग म्हणजे चांगलं असं काही नसतं."

"मी कधी म्हटलं महाग ते चांगलं? मी म्हटलं महाग ते महाग."

"मी शनिवारी भरून टाकते आगाऊ रक्कम. तीनच दिवस राहिलेत."

 बाबांनी माझा कागद घेतला, चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला आणि परत दिला. "उद्या दुकान उघडायच्या आधी ये," म्हणाले.

सकाळी शटर अर्धंच वर होतं. बाबांनी अबोल डॉक्टरांची सव्वीस कार्डं काउंटरवर पत्त्यांसारखी मांडली होती. माझी पुठ्ठ्याची पट्टी नावांवर तशीच ठेवली होती.

"कार्डावर डॉक्टरसाठी किती ओळी आहेत?" त्यांनी विचारलं.

"एक."

"मग ज्याचं नाक दोनदा झालं, त्याचा कोणता डॉक्टर लिहायचा?"

मी कार्ड उलटून पाहिलं, मागे कोरं होतं.

"शेवटचा लिहितो मी. ज्याच्या हाताखाली नाक आत्ता आहे तो." त्यांनी एक कार्ड पुढे सरकवलं. नाव झाकलेलं होतं. त्यांनी नुसते कोन वाचले. "डावा एकतीस, उजवा चोवीस. हे शाळेत शिकवतात ते. पहिल्यांदा भलत्याकडेच करून आले होते. तेव्हा माझ्याकडची एकही फ्रेम बसेना, घसरून गालावर यायची. मग अबोलकडे गेले. आधी कोन होते अडतीस-वीस, फरक अठरा अंशांचा. त्यांनी तो सात अंशांवर आणला, तू त्यालाच वाकडं म्हणतेस." दुसरं कार्ड. "ही बाई ऑफरवाल्यांची. दोन वर्षांनी एका बाजूने आत बसलं. तिलाही अबोल." तिसरं. "हा पोरगा पहिल्यांदाच अबोलकडे. बघ, अठ्ठावीस-सत्तावीस. सहा वर्षं झाली."

असे ते सव्वीस कार्डांतून गेले. एकाचंही नाव बघितलं नाही. दोन आकडे बघायचे आणि माणूस सांगायचे, त्याची आधीची शस्त्रक्रिया, ती बिघडल्याची हकिगत, तो दुकानात रडला होता की चिडला होता. मी चार वर्षं प्रयोगशाळेत उपकरणं वापरली आहेत, पण सात अंशांच्या फरकातून माणूस ओळखणारं उपकरण मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि त्याने कालचाच शर्ट घातलेला होता.

सव्वीसांपैकी बारा नाकं दुसऱ्यांदा झालेली होती. माझ्या अकरा वाकड्यांपैकी दहा त्या बारांत होती, आणि त्या दहांतली चार मूळची ऑफरवाल्यांची. म्हणजे दुसऱ्यांनी बिघडवलेली नाकं मी दुरुस्त करणाऱ्याच्या नावावर टाकली होती. गणित बरोबर होतं, बेरीज बरोबर होती, आणि कागद उलटा होता.

मी नवा कागद घेतला. अबोल डॉक्टरांनी पहिल्यांदा केलेली नाकं चौदा, त्यात वाकडं एक. ऑफरवाल्यांची एकोणीस, त्यात वाकडी सहा.

"लोक आपलं बिघडलेलं काम ज्याच्याकडे नेतात," बाबा कार्डं गोळा करत म्हणाले, "त्याच्या दारात बिघाडच जास्त दिसणार. गॅरेजबाहेर कधी चांगल्या गाड्या उभ्या असतात?"

"मग काल जेवतानाच का नाही बोललात?"

"तू एवढ्या आनंदात होतीस. आणि मलाही सगळी कार्डं पुन्हा बघायची होती. मी चुकत असेन तर?"

ताईला सांगायचं काम माझ्यावर आलं. ती शिकाऊ गाडीत दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात चहा पीत बसली होती. मी कागद दाखवला, चूक सांगितली. तिने कागदाकडे बघितलंच नाही.

"अकरा पगार," ती म्हणाली. "माझ्याकडे आठ आहेत. आणि शनिवारी ऑफर संपतेय. तू कालपर्यंत कुठे होतीस?"

"चुकीच्या ओळीत."

"मोठी शास्त्रज्ञ." तिने चहा संपवला. मग समोरच्या काचेतून बाहेर बघत म्हणाली, "वेळ घे त्यांची. बाबांनाही सांग यायला. एकटी गेले तर मी हो म्हणून येईन, मला माझी खात्री नाही."

अबोल डॉक्टरांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, शिंप्याच्या दुकानावर. खोलीत एक टेबल, एक दिवा, तीन खुर्च्या. भिंतीवर कोणाचेही आधीचे-नंतरचे फोटो नव्हते. डॉक्टर उंच, वाकलेले, बोटं लांब आणि नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. त्यांनी ताईला बसायला सांगितलं आणि पहिली दहा मिनिटं एक शब्द काढला नाही. अंगठा आणि तर्जनी नाकाच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली फिरली, आंधळी माणसं नाणं ओळखतात तशी. मग त्यांनी ताईला जोरात श्वास ओढायला सांगितला. मग एक थंड स्टीलची पट्टी तिच्या नाकाखाली धरली. पट्टीवर वाफेचे दोन ठसे उमटले. डावा उजव्याच्या निम्मा.

"डावीकडून त्रास होतो?"

"नाही तर," ताई म्हणाली. मग थांबली. "म्हणजे... मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं."

तिने फोनमधला फोटो दाखवला. डॉक्टरांनी तो बघितला आणि फोन टेबलावर ठेवला.

"हे नाक श्वास घेत नाही," ते म्हणाले. "फोटो आहे तो."

त्यांनी कागदावर आकृती काढली. पेन्सिल एकदाही उचलली नाही. उंचवट्याचा वरचा भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा. त्या कूर्चेच्या दोन भिंती तंबूसारख्या दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला टेकलेल्या. उंचवटा नुसता तासला तर तंबूचा कणाच जातो आणि भिंती हळूहळू आत येतात. आज नाही, दोन-तीन वर्षांनी. म्हणून मधल्या पडद्यातूनच कूर्चेच्या दोन पट्ट्या काढून कण्याच्या दोन्ही बाजूंना शिवायच्या. पट्टी किती? त्यांनी काडीपेटीतली काडी काढून नखाने मधोमध उभी चिरली. "एवढी."

"आणि उंचवटा किती काढणार?" मी विचारलं.

"दीड मिलिमीटर."

"अकरा पगारांत दीड मिलिमीटर!" ताईच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी ताईने सोबत आणलेल्या, बाजूने काढलेल्या मोठ्या फोटोवर पांढऱ्या कागदाची एक बारीक कड धरली, उंचवट्यावर, आणि शेंड्याखाली दुसरी. बस.  दीड मिलिमीटर म्हणजे माझ्या मोजपट्टीवरची जेमतेम दीड घरं, आणि तेवढ्यात सगळा चेहरा शांत झाला होता. ताई तीच होती. फक्त आता आधी तिचे डोळे दिसत होते.

मग ते बाबांकडे वळले. "आपण वडील? जरा दिव्याकडे या. बाजूने उभे राहा."

बाबा गोंधळले. "मी? मला काही करायचं नाही."

"माहीत आहे."

बाबा दिव्याखाली उभे राहिले. सत्तावीस वर्षं हजारो लोकांची नाकं मोजलेला माणूस, आणि मी पहिल्यांदाच कोणालातरी त्यांचं नाक मोजताना बघत होते. डॉक्टरांनी पट्टी लावली, शेंडा हलका वर उचलला, सोडला, तो कुठे येऊन थांबतो ते बघितलं. तरुणपणचा एखादा फोटो आहे का, विचारलं. बाबांच्या पाकिटात परवान्याचा जुना फोटो होता. तो आणि बाबा, तो आणि बाबा, असं त्यांनी चार-पाचदा बघितलं.

"वयाबरोबर नाकाचा शेंडा उतरतो," ते ताईला म्हणाले. एवढं सलग ते पहिल्यांदाच बोलत होते. "कोणाचा किती, ते आधी सांगता येत नाही. पण तुमच्या बाबतीत येतं. तुमचं साठाव्या वर्षीचं नाक इथे उभं आहे. तीस वर्षांत चार मिलिमीटर. मी आज जे शिवेन ते त्या चारला पुरलं पाहिजे."

 खालून शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता. या माणसाला ताईचं उद्याचं नाक दिसत होतंच, पण त्याचं लक्ष ती म्हातारी झाल्यावरच्या नाकावर होतं, आणि ते तो बाबांच्या चेहऱ्यावरून वाचत होता. बाबा अजून दिव्याकडे तोंड करून, हालू की नको अशा अवस्थेत उभे होते. त्यांचे डोळे पाणावले होते. दिवा प्रखर होता, असं ते नंतर म्हणाले.

मी माझा प्रश्न विचारला. दुसऱ्यांदा किती जणांचं करावं लागलं?

"माझी? गेल्या शंभरांत सात." ते जराही अडखळले नाहीत. "तुमचं त्या सातांत निघालं तर माझी फी नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीचा आणि भूल देणाऱ्यांचा खर्च पडेल. साधारण दीड... तुम्ही कशात मोजता? पगार. दीड पगार."

जिना उतरताना ताईचा फोन वाजला. ऑफरवाल्यांची मुलगी होती, गोड आवाजाची, उद्या शेवटचा दिवस म्हणून आठवण करून द्यायला. ताई पायरीवरच थांबली. मला तिचा चेहरा बाजूने दिसत होता, आणि पाच पगारांचा हिशोब त्यावरून जाताना दिसत होता.

"एक सांगा," ताई फोनवर म्हणाली. "माझे वडील बरोबर आले तर डॉक्टर त्यांचंही नाक बघतील का?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "मॅडम, दोघांचं एकदम केलंत तर आणखी सूट मिळेल."

बाबा एवढे हसले की त्यांना कठड्याला धरावं लागलं. ताईने नको म्हणून सांगितलं, आभार मानले, फोन ठेवला, आणि मग तिथेच पायरीवर बसून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अजून तीन पगार," ती हातांआडून म्हणाली. "वर्षभर तरी. आणखी एक वर्ष ते नाक घेऊन गाडीत बसायचं."

"मी दोन देतो," बाबा म्हणाले.

"नाही. माझं नाक, माझे पगार."

तिला अकरा महिने लागले. सकाळी सहाच्या शिकवण्या घेतल्या, रविवारच्याही. शस्त्रक्रिया चार तास चालली. आई सांगत होती की ऑफरवाल्यांकडे तेवढ्यात तिघांची झाली असती, आणि सांगताना तिचा पदर बोटाला गुंडाळून घट्ट झाला होता.

आठव्या दिवशी नाकावरचा प्लास्टरचा साचा काढायचा होता. आम्ही चौघंही गेलो, तीनच खुर्च्या होत्या, मी दाराशी उभी. डॉक्टरांनी चिकटपट्टी तेलाने भिजवली आणि इतकी सावकाश सोडवली की आईने मध्येच देवाचं नाव घेतलं. साचा निघाला. डोळ्यांखाली पिवळट निळं, नाक सुजलेलं. खरं नाक वर्षाने दिसेल, हे त्यांनी तीनदा बजावलं होतं.

त्यांनी एक आरसा ताईच्या हातात दिला. तिने दुसरा मागितला. दोन आरसे कोनात धरून ती स्वतःला बाजूने बघू लागली, आणि बघतच राहिली. एक मिनिट, दीड मिनिट. मी मोजत होते.

"अगं बोल की काहीतरी," बाबा कासावीस होऊन म्हणाले.

ताईने आरसे खाली केले नाहीत. "बाबा," ती हळू म्हणाली, "बदललंय. पण काय केलंय तेच दिसत नाहीये."

डॉक्टर चिकटपट्टीचे तुकडे गोळा करत होते. त्यांचे हात थांबले. ते खुर्चीत मागे टेकले, आमच्या ओळखीत पहिल्यांदाच, आणि चष्मा काढून पुसायला लागले.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले.